तक्रार नसलेला भाग

पिकं निघाली आणि लोक रानातली धसकटं पेटवायला लागले की तारवाल्याला बूड टेकायला सवड मिळायची नाही. बांधाच्या कडेकडेनं फोनची काळी केबल गेलेली होती. कुठं ती उघडी पडलेली, कुठं वीतभर मातीखाली. वारा जरा फिरला की आग बांधावर चढायची, केबलीचं वरचं कातडं वितळायचं आणि पलीकडचे सगळे फोन मुके व्हायचे.

त्या दिवशी तो सकाळपासून खड्ड्यात बसून होता. केबलीच्या पोटात तारांच्या पन्नास जोड्या. नवी असताना प्रत्येक जोडीचा रंग वेगळा असतो, जळल्यावर सगळ्या एकाच रंगाच्या होतात. कोणती जोडी कुणाच्या घरात जाते हे कागदावर कुठंच नव्हतं, फक्त त्याच्या डोक्यात होतं. एकेक तार सोलायची, दुसरीला पिळायची, वर नळी सरकवायची. घाम नाकावर आला की चष्मा घसरायचा आणि तो खांद्यानं वर ढकलायचा, कारण दोन्ही हात काळे झालेले.

शेताचा मालक बांधावर उभा राहून बघत होता.

"पेटवायच्या आधी मला एक हाक मारत जा," तारवाला म्हणाला. "ओली पोती टाकून जातो केबलीवर. निम्मं काम वाचेल."

"हाक कशी मारणार? फोन बंद होता तुझा."

"आग लागल्यावर बंद पडला तो. आधी चालू होता."

"आधी मला कुठं माहीत होतं केबल जळणार आहे ते?"

 तारवाला पुढची जोडी सोलायला लागला. मालक थोडा वेळ थांबला, मग घरात जाऊन तांब्याभर ताक घेऊन आला आणि खड्ड्याच्या काठावर ठेवून गेला.

दुपारी तारवाल्याची धाकटी मुलगी सायकलवरून आली. थोरलीचं लग्न झालं होतं. ही शिकून घरी होती, शिलाईची कामं करायची आणि बापाला आलेली पत्रं वाचून दाखवायची. तो स्वतः वाचायचा, पण अक्षर अक्षर लावून, आणि सरकारी पत्रातल्या लांब वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायचा.

"बाबा, मोठ्या ऑफिसातून आलंय," ती म्हणाली. "आई म्हणाली, आत्ताच दाखव."

"वाच. माझे हात खराब आहेत."

तिनं सायकल उभी केली आणि वाचलं. टेलिफोन खातं सरकारनं एका खासगी कंपनीला विकलं होतं. हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं, वर्षभर त्याचीच बोलणी चालली होती. आता तारीख लागली होती. दोन महिन्यांनी एक्स्चेंज, खांब, केबली, गाड्या आणि माणसं कंपनीकडे जाणार. त्याआधी प्रत्येक भागाची पाहणी होईल. जिथं कामाचा भार दिसेल तिथला माणूस कायम राहील. बाकीचे जादा ठरतील. जादा ठरलेल्यांनी महिनाअखेर खात्याची जागा सोडायची.

"खात्याची जागा म्हणजे आपलं घर?" मुलीनं विचारलं.

"एक्स्चेंजच्या मागच्या खोल्या. त्याच."

"आणि नोकरी?"

"जादा म्हटल्यावर नोकरी कसली." त्यानं तार पिळली. "पेन्शनीला चार वर्षं कमी आहेत माझी. पण आपलं काही नाही होणार. कामाचा भार बघणार म्हणतात ना? मग बघा म्हणावं." त्यानं काळे हात वर करून दाखवले आणि तो हसला. मुलगीही हसली.

*

एक्स्चेंज म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत. पुढच्या खोलीत यंत्र, मधल्या खोलीत बॅटऱ्या, मागच्या दोन खोल्यांत हे कुटुंब. बॅटऱ्यांचा आंबूस वास घरभर असायचा; पाहुणे नाक मुरडायचे, यांना तो कळायचाही नाही. मागच्या बाजूला जमिनीत एक खड्डा होता. त्यातून यंत्राची जाड तार मातीत गेलेली होती, वीज पडली तर जमिनीत जिरावी म्हणून. माती कोरडी पडली की ती तार निकामी. म्हणून उन्हाळाभर रोज संध्याकाळी तारवाल्याची बायको त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही नव्हते. प्यायचं पाणी लांबून आणायला लागायचं तेव्हासुद्धा ती आधी खड्ड्याला पाजायची. "माझं हे तिसरं लेकरू," ती म्हणायची. "दोघी निदान मोठ्या तरी झाल्या. याची तहान काही सरत नाही."

बिघाडाची वही खिळ्याला टांगलेली होती. सहा वर्षांपूर्वी तारवाला त्यात लिहायचा. पक्कड धरणाऱ्या बोटांत पेन ठरत नसे, पण रोज रात्री जेवणाआधी तो मान वाकडी करून एकेक ओळ लिहायचा. मग एकदा मोठ्या ऑफिसातले साहेब आले. टेलिफोनवर लक्ष ठेवायला सरकारनं नवं नियामक मंडळ नेमलं होतं आणि मंडळानं नियम केला होता.

"शंभर फोनांमागे महिन्याला पाचाच्या वर बिघाड दिसले तर ऑफिसला दंड," साहेब म्हणाले. "तुझ्याकडे किती असतात?"

"उन्हाळ्यात साठेक. पावसाळ्यात जास्त."

"लिहितोस सगळे?"

"लिहितो की."

"कशाला लिहितोस? दुरुस्त करतोस ना त्याच दिवशी?"

"करतो."

"मग झालं. जे संध्याकाळी राहिलंच नाही, ते वहीत कशाला?"

तारवाल्याला ते पटलं. खरं तर त्याला बरंच वाटलं, मान वाकडी करायची कटकट गेली. तेव्हापासून वही कोरी राहिली. लोक दारात यायचे आणि त्याच्या बायकोला सांगायचे. तिला लिहिता येत नव्हतं. ती एक्स्चेंजच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं चित्र काढायची. गिरणीवाल्याचा फोन गेला की गोल जातं, विहिरीजवळच्या घराचा गेला की विहीर, शाळेचा गेला की घंटा. तारवाला घरी आला की दार बघायचा, पुन्हा बाहेर पडायचा, आणि परत आला की हातानंच ते चित्र पुसायचा. दाराचा तेवढा भाग पुसून पुसून गुळगुळीत झाला होता.

*

पाहणीला कंपनीकडून एक तरुण बाई आली. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं तारवाल्याला नमस्कार केला, बायकोनं दिलेलं पाणी उभ्यानंच प्यायली आणि भांडं परत देताना "छान गार आहे" म्हणाली. तारवाल्यानं आदल्या दिवशी बॅटऱ्या पुसून काढल्या होत्या. बायकोनं खड्ड्याभोवतीची जमीन शेणानं सारवली होती. ते बघून ती बाई थोडी गोंधळली.

"हे कशासाठी?"

"तुम्ही येणार म्हणून," बायको म्हणाली.

बाईनं यंत्र बघितलं, खांब मोजल्याचे कागद बघितले, मग म्हणाली, "बिघाडाची वही दाखवता?"

तारवाल्यानं खिळ्यावरून वही काढली, धूळ झटकली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. ती पानं उलटत गेली. वर्षं नुसती वर छापलेली, खाली काही नाही.

"सहा वर्षांत एकही बिघाड नाही?"

तारवाला तिच्याकडे बघत राहिला. मंडळाला पाच चालत होते. त्याच्या वहीत शून्य होतं. इतकी वर्षं साहेबांनी सांगितलेलं त्यानं पाळलं होतं आणि आज ते बघायला कुणीतरी आलं होतं. त्याची छाती जराशी पुढं आली.

"नाही," तो म्हणाला.

"एकही?"

"माझ्या भागात बिघाड राहत नाही."

"अहो," बायको मागच्या दारातून म्हणाली, "काल तर तुम्ही आठ ठिकाणी—"

त्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं. तिनं तोंड मिटलं.

बाईनं लिहून घेतलं आणि वही आपल्या पिशवीत टाकली. जाताना तिचं लक्ष दाराकडे गेलं. त्यावर एक जातं होतं, एक झाड होतं आणि काहीतरी शिंगं असलेलं होतं.

"हे काय?"

"घरात पोरंबाळं आली की काढतात," तारवाला म्हणाला.

तिनं कागद पुढं केला. त्यानं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. सही चांगली आली होती.

*

महिन्याचे कागद द्यायला तो मोठ्या ऑफिसात गेला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं त्याला खिडकीशी बोलावलं. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले.

"काय लिहून आलास रे तू?"

"काय?"

"शून्य लिहून आलास. सही करून."

"मग? पाचाच्या आत पाहिजे ना?"

कारकुनानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते दंडासाठी होतं. तो दंड खात्याला होता. आता कंपनी काय बघते, माणूस ठेवायचा की नाही ते बघते. जिथं बिघाड नाही तिथं माणसाचं काय काम?"

तारवाल्याला कळायला वेळ लागला. तो खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"बिघाड नाहीत कारण मी आहे म्हणून," तो म्हणाला.

"हे मला कळतं. कागदाला कळतं का?"

"शेजारच्या भागाचं काय झालं?"

"ढिल्याचं?" कारकून हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. शेजारच्या भागातल्या लाइनमनला सगळे ढिल्या म्हणायचे, कारण त्यानं केलेला सांधा हात लावला की सुटायचा. "त्याची महिन्याची यादी चौऱ्याण्णव बिघाडांची. तो साहेबांचं ऐकायचा नाही, आठवतं? रोज लिहायचा. एकच बिघाड तीन-तीनदा. त्याला कायम केलंय. वर हाताखाली माणूस देणार आहेत."

"त्याचे सांधे सुटतात."

"सुटतात म्हणूनच तर."

मागं रांग लागली होती. कुणीतरी "आटपा की" म्हणालं. तारवाला हलला नाही.

"वही परत मागता येईल का? मी सगळं आठवून लिहितो. घर न् घर आठवतं मला."

"सही आहे तुझी." कारकून पुढं वाकला आणि हळू बोलला. "एकच वाट आहे. कंपनीनं तक्रारीचा नंबर दिलाय. लोकांनी त्यावर फोन करायचा. या महिन्यात तुझ्या भागातून तक्रारी आल्या, तर फेरपाहणी होईल. आणि पुढच्या महिन्यात मंडळ इथं येतंय, सुनावणीला. कंपनीकडे जायच्या आधी फोन कसे चालतायत ते लोकांकडून ऐकणार. तिथं लोकांना बोलू दे. बिघाड होतात म्हणून बोलू दे. त्याचं कौतुक नको, कळलं? बिघाड."

"कळलं," तारवाला म्हणाला.

*

वरची वस्ती डोंगराच्या पोटात होती, एक्स्चेंजपासून दोन तासांची चाल. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. कुणाचा मुलगा मोबाइल घेऊन आला, तरी तो टाकीवर चढून हात वर करून उभा राहायचा. चौदा घरांत तारेचे फोन होते. त्यातला एक सुईणबाईंच्या ओट्यावर, गोल तबकडीचा, काळा. वस्तीतली अडलेली सगळी बाळंतपणं त्याच फोनवरून गाडी बोलावून खाली गेली होती.

तारवाल्यानं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सुईणबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांची सून उंबऱ्यात उभी होती.

"म्हणजे तुझा फोन बिघडतो असं आम्ही सांगायचं?"

"हो."

"तो तर चालू आहे. आत्ताच बहिणीशी बोलले मी."

"मावशी, बंद आहे म्हणा. एवढंच."

"खोटं सांगायला माझी ना नाही. बाळंतिणीच्या सासूला मी काय काय सांगते ते तुला माहीत नाही. पण तुझ्या नावाला बट्टा लावायचा, हे कसं?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बरं. दे तो नंबर."

सुनेनं नंबर फिरवून दिला. सुईणबाईंनी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला. आतलं सगळ्यांना ऐकू येत होतं. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणत होती, नवीन जोडणीसाठी एक दाबा, बिघाडाच्या तक्रारीसाठी दोन दाबा.

"दोन," तारवाला म्हणाला.

सुईणबाईंनी दोनच्या भोकात बोट घालून तबकडी फिरवली. ती कुरकुरत परत आली.

"आपण काहीच दाबलेलं नाही," यंत्रातली बाई म्हणाली.

"अगं, फिरवलं की आत्ता."

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"केला बाई. दोन म्हणालीस, दोन फिरवलं." त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी यंत्रानं धन्यवाद म्हणून फोन ठेवला. सुईणबाई रिसीव्हरकडे बघत राहिल्या. "बहिरी आहे, पण वळण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. सून पदर तोंडाला लावून हसली.

यंत्राला फक्त बटणांचा आवाज कळत होता, आणि चौदाच्या चौदा घरांत तबकडीचेच फोन होते. ते त्यानंच बसवले होते, आणि इतकी वर्षं जपलेही होते. खात्यानं मध्ये बटणांचे फोन पाठवले तेव्हा लोक म्हणाले, हेच बरे आहेत, आणि त्यानं ते गठ्ठे तसेच परत पाठवले होते.

*

"तुम्हीच बंद पाडा," बायको म्हणाली. ती खड्ड्यात पाणी ओतून आली होती आणि रिकामी बादली अजून हातात होती. "खरंच बंद पडला की लोक खरंच तक्रार करतील. खाली बाजारात बटणांचे फोन आहेत दुकानांत. तिथून करतील."

"माझ्या हातानं?"

"मग कुणाच्या? माझ्या?"

धाकटी मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं. "आई, हे बरोबर नाही."

"बरोबर काय आहे ते तू सांग. बापाची नोकरी चांगल्या कामापायी जाते, ते बरोबर आहे?"

 मुलीनं पुन्हा मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वळणावरच्या खांबावर चढला. कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकला, गुडघे लाकडाला लावले. उजवा गुडघा हल्ली वर चढताना कट्कट् वाजायचा. पेटी उघडली. वरच्या वस्तीच्या चौदा जोड्या समोर होत्या, ओळीनं, त्याच्याच हातच्या पिळलेल्या. पिळण्यात एक तऱ्हा होती, सात वेढे आणि शेवटचं टोक आत मुडपलेलं. त्यानं पक्कड लावली. पहिली जोडी सुटेना. स्वतःच केलेला सांधा त्याला दोन्ही हातांनी ओढावा लागला. चौदा जोड्या सोडायला पाऊण तास गेला. खाली उतरून तो मनगटं चोळत होता, तेव्हा वाटेनं जाणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "तारवाले, उन्हाचं बेतानं करा. वय झालं आता."

तो घरी येऊन बसला आणि वाट बघायला लागला.

दुपारी वरच्या वस्तीतला एकजण आला. बायको दारात गेली.

"वहिनी, फोन गेलाय आमचा."

"त्या नंबरवर सांगा ना," ती म्हणाली. "दुकानातून लागतो."

"दुकानातून कशाला? तुम्हाला सांगितलं की."

"तसं नाही. आता तिथंच सांगायला लागतं."

"बरं बरं," तो म्हणाला, "पण तुम्ही त्यांना सांगा हां," आणि गेला. संध्याकाळपर्यंत आणखी चौघं आले. कुणी येताना काकड्या आणल्या. बायको प्रत्येकाला नंबर सांगत होती, प्रत्येकजण मान डोलवत होता आणि कुणीही दुकानाकडे वळत नव्हता. वीस वर्षं ज्या दारात सांगितलं की काम होतं, ते दार सोडून कुठल्या यंत्राशी बोलायला कोण जाईल? तारवाला आतल्या खोलीत बसून ऐकत होता. एकदा त्याला वाटलं, बाहेर जाऊन ओरडावं. पण काय ओरडावं ते त्याला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुईणबाई स्वतः आल्या. उन्हात दोन तास चालून. चेहरा लाल झाला होता, चप्पल एका पायात होती, दुसरी वाटेत तुटली होती.

"गाडीला फोन लाव," त्या म्हणाल्या. "बाळंतीण अडलीये. सकाळपासून."

तारवाल्यानं एक्स्चेंजमधल्या फोनवरून दवाखान्यात फोन लावला. गाडी निघाली असं कळेपर्यंत तो उभाच होता. बायकोनं सुईणबाईंना पाणी दिलं, खाली बसवलं, त्यांचा पाय ओल्या फडक्यानं पुसला. पुसताना ती मान वर करत नव्हती.

"एवढं चालायला लागलं मावशी तुम्हाला," ती म्हणाली.

"आगीनं जळला असेल फोन, त्याला हा काय करणार," सुईणबाई म्हणाल्या. "एकटा माणूस. कुठं कुठं पुरेल?"

तारवाला पक्कड घेऊन बाहेर पडला. गाडी त्याला वळणावर ओलांडून वर गेली. तो खांबावर चढला आणि चौदा जोड्या पुन्हा पिळल्या, सात सात वेढे.  दोनदा तार हातून निसटली. संध्याकाळी गाडी खाली आली. आत बाई होती आणि तिचं बाळ होतं, दोघंही ठीक होती. चालकानं खांबाखाली गाडी थांबवून त्याला ते सांगितलं. त्यानं वरूनच मान हलवली.

महिना संपला. कंपनीच्या नंबरवर त्याच्या भागातून आलेल्या तक्रारी: एकही नाही.

*

सुनावणी मोठ्या गावातल्या एका सभागृहात होती. वरच्या वस्तीतले अकराजण टेम्पोतून आले. सुईणबाई पुढं, चालकाजवळ बसल्या. त्यांनी नवी चप्पल घातली होती. वाटेत तारवाल्याच्या बायकोनं त्यांना सगळं पुन्हा समजावलं.

"मावशी, चांगलं काही सांगायचं नाही. फोन सारखा बंद पडतो, एवढंच."

"कळलं गं. किती वेळा सांगशील?"

सभागृहात पंखे होते, पण खुर्च्या तापलेल्या होत्या. व्यासपीठावर मंडळाचे तिघं, मधले अध्यक्ष. बाजूच्या टेबलाशी कंपनीचा अधिकारी, पुढं कागदांचे गठ्ठे. प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की घंटी वाजायची.

तारवाल्याचं नाव यादीत होतं. तो पुढं गेला, माइक दांडीवरून काढून हातात घेतला. घरून पाठ करून आलेलं वाक्य त्यानं सुरू केलं. अध्यक्षांनी कागद बघितला.

"तुम्ही ग्राहक की कर्मचारी?"

"लाइनमन, साहेब. चोवीस वर्षं."

"ही ग्राहकांची सुनावणी आहे. कर्मचाऱ्यांचे विषय मंडळाकडे येत नाहीत, ते कंपनीकडे." आवाज अगदी सौम्य होता. "बसा तुम्ही."

"साहेब, मी ग्राहकांचंच सांगतोय."

"ते ग्राहक सांगतील. बसा."

तो बसला. बसताना त्याला जाणवलं, माइक हातातच राहिलाय. तो परत द्यायला उठला तेव्हा मागं कुणीतरी हसलं.

मग सुईणबाईंचं नाव पुकारलं. त्या सावकाश गेल्या. माइक त्यांच्या उंचीला खाली करून दिला. त्यांनी सगळ्या सभागृहाकडे नजर फिरवली, व्यासपीठाकडे बघितलं, आणि मग पहिल्या रांगेत बसलेल्या तारवाल्याकडे. तो मान खाली घालून बसला होता, काळी नखं मुठीत लपवून.

"बोला आजी," अध्यक्ष म्हणाले. "फोनची काय तक्रार आहे?"

सुईणबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यांना वाटलं त्या घाबरल्या. त्या घाबरल्या नव्हत्या.

"तक्रार?" त्या म्हणाल्या. "या माणसाची तक्रार कुठल्या तोंडानं करू मी? तुम्ही त्याला सगळ्यांसमोर खाली बसवलंत. वीस वर्षं आमचा फोन एक रात्र बंद राहिला नाही. वादळात खांब पडला तर त्यानं खांद्यावर केबल धरून फोन चालू केला. आता मागच्या महिन्यात आगीत जळला, तर मी खाली येऊन सांगितलं आणि त्याच संध्याकाळी वाजला. वस्तीत शेसव्वाशे पोरं झाली माझ्या हातची, एकसुद्धा फोनपायी गेलं नाही. याच्यासारखा माणूस तुमच्या सगळ्या कंपनीत दाखवा मला."

वस्तीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. मग बाकीचेही वाजवायला लागले. तारवाल्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे फोनबद्दल तक्रार नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"अजिबात नाही."

अध्यक्ष कंपनीच्या अधिकाऱ्याकडे वळले. त्यानं एक कागद वर केला. "आमच्या नोंदीतही तेच आहे, सर. या भागात शून्य बिघाड, शून्य तक्रारी."

"छान," अध्यक्ष म्हणाले. "सेवा अशीच राहू द्या. मंडळ समाधानी आहे." आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

निघताना अधिकाऱ्यानं तारवाल्याला टेबलाशी बोलावलं. लिफाफा तयारच होता. त्यानं तो दिला आणि पोच म्हणून सही घेतली.

"तुमचा भाग पहिल्या तारखेपासून शेजारच्या भागाला जोडलाय," तो म्हणाला. "तिथला लाइनमन दोन्ही बघेल. खोल्या महिनाअखेरपर्यंत चालतील तुम्हाला." मग थोडं थांबून म्हणाला, "लोक किती चांगलं बोलले तुमच्याबद्दल. असं सहसा होत नाही."

तारवाल्यानं लिफाफा घडी करून आतल्या खिशात ठेवला.

*

परतीच्या वाटेवर टेम्पोत सगळे खुशीत होते. कुणी अध्यक्षांची नक्कल करत होतं. कुणी म्हणत होतं, मावशी बोलल्या तेव्हा त्या कंपनीवाल्याचं तोंड बघायला हवं होतं, गप्प कागद दाखवत बसला. या खेपेला सुईणबाई मागं येऊन तारवाल्याजवळ बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर केळ्यांचा घड होता. त्या एकेक केळं मोडून सगळ्यांना देत होत्या.

"तू सांगितलं होतंस तसं नाही बोलले मी," त्या म्हणाल्या. "रागावलास?"

"नाही."

"तुला तसं खाली बसवलं आणि माझी जीभच वळेना. आणि बघ, बरंच झालं. साहेब काय म्हणाले? समाधानी आहे म्हणाले. सगळ्यांदेखत." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता कोण काढतंय तुला?"

बायको समोरच्या बाकावर होती. टेम्पो हिसका खाई तशी तिची मान हलत होती. ती त्याच्या छातीवरच्या खिशाकडे बघत होती, शर्ट जिथं जरा वर आला होता तिथं.

"नीट बोलले ना रे मी?" सुईणबाईंनी विचारलं. "काही राहिलं नाही ना?"

"नाही मावशी," तारवाला म्हणाला. "सगळं सांगितलंत."

त्यांनी केळं सोलून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खाल्लं, सावकाश, सगळं.

वरच्या वस्तीच्या फाट्यावर टेम्पो थांबला. लोक एकेक करून उतरले. सुईणबाईंना दोघांनी हात देऊन खाली घेतलं. त्या चार पावलं गेल्या, मग मागं वळल्या.

"पोचल्यावर फोन करते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "उगाच काळजी नको."

"करा," तारवाला म्हणाला.